अंजायना की हार्ट अटॅक? छातीतल्या दुखण्याची नेहमीची चाल आणि ती मोडल्याची लक्षणं

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरातल्या साठीच्या माणसाला अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने छातीत होणारा त्रास, असल्याचं निदान झालेलं आहे. चढ चढताना किंवा भरभर चालताना छाती भरून येते, थांबलं की बरं वाटतं. जिभेखाली ठेवायची गोळी कायम जवळ असते. मग एखाद्या दिवशी छातीत दुखलं, तर ते नेहमीचंच आहे की हार्ट अटॅक, हे घरच्यांनी कसं ओळखायचं?

आधी उत्तर, कारणं नंतर. नेहमीच्या अंजायनाला एक ठरलेली चाल असते. तो ठरावीक श्रमाला येतो, थांबल्यावर किंवा गोळीने काही मिनिटांत जातो आणि दर वेळी साधारण तितकाच असतो. दुखणं या चालीबाहेर गेलं की त्याला घरबसल्या अंजायना म्हणायचं नाही. बसल्याजागी आलं, गोळी घेऊन पाच मिनिटांत ओसरलं नाही, नेहमीपेक्षा जोराचं आहे, सोबत दरदरून घाम, धाप, उलटी किंवा डोळ्यांपुढे अंधारी आहे, यातलं एक जरी असलं तरी रुग्णवाहिका बोलवायची. ज्याला अंजायनाचं निदानच झालेलं नाही त्याच्याकडे तुलनेला जुनी चाल नसते. त्याने छातीत दडपल्यासारखं पहिल्यांदाच अनुभवलं आणि ते पाचेक मिनिटांत थांबलं नाही, तर ओळखण्याच्या खटपटीत पडूच नये, सरळ मदत मागावी.

घरी निदान होत नाही, ते ईसीजी आणि रक्ततपासणीनेच होतं. घरी एवढंच ठरवता येतं की आता थांबायचं की निघायचं. ते मात्र नीट ठरवता येतं, आणि त्यासाठी आत काय घडतं हे माहीत असलेलं बरं.

आत काय वेगळं घडतं

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या भिंतीत वर्षानुवर्षं चरबीचा आणि कॅल्शियमचा थर साचतो. धमनीचा मार्ग साधारण ७० टक्के अरुंद झाला, की बसलेल्या माणसाला रक्त पुरतं, पण श्रम केले की पुरत नाही. डाव्या बाजूच्या मुख्य धमनीत ५० टक्के अरुंदपणाही गंभीर धरतात. चढावर नाडी वाढते, रक्तदाब वाढतो, हृदय जोराने आकुंचन पावतं आणि त्याला जास्त प्राणवायू लागतो. मागणी वाढते आणि पुरवठा तेवढाच राहतो. स्नायू उपाशी राहून दुखतो, पण मरत नाही. माणूस थांबला की मागणी खाली येते आणि दुखणं जातं. हा स्थिर अंजायना.

अटॅकमध्ये मागणी वाढलेली नसते, पुरवठाच तुटतो. त्या थरावरचं पातळ आवरण फाटतं किंवा झिजतं, आतला भाग रक्ताच्या संपर्कात येतो, प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या सूक्ष्म पेशी) चिकटतात आणि काही मिनिटांत गुठळी तयार होते. म्हणून विश्रांतीने अटॅक थांबत नाही. माणूस आडवा पडला तरी गुठळी तिथेच असते. ‘थांबल्यावर गेलं का’ या प्रश्नाला एवढं वजन आहे ते याचमुळे.

यातली एक गोष्ट बहुतेकांना धक्का देते. फाटणारा थर हा धमनी सर्वांत जास्त अरुंद करणारा थर असेलच असं नाही. कितीतरी अटॅक मध्यम जाडीच्या थरावर होतात, ज्याने आजवर कसलाही त्रास दिलेला नसतो. अशा माणसाची स्ट्रेस टेस्ट (श्रम करायला लावून घेतलेली हृदयाची तपासणी) महिनाभरापूर्वी नॉर्मल आलेली असू शकते, कारण ती टेस्ट रक्तप्रवाहाला होणारा अडथळा पकडते, थर फाटेल की नाही हे सांगत नाही. ‘परवाच सगळं तपासून आलोय’ हे कारण छातीतल्या दुखण्याकडे दुर्लक्ष करायला पुरेसं नाही.

धमनी पूर्ण बंद झाल्यावर साधारण २० मिनिटांनी स्नायू कायमचा मरायला सुरुवात होते. मरण हृदयाच्या आतल्या थरापासून सुरू होऊन बाहेरच्या थराकडे सरकतं आणि त्याला काही तास लागतात. धमनी जितकी लवकर उघडेल तितका स्नायू वाचतो. पहिल्या दोन-तीन तासांत वाचतो तेवढा नंतर वाचत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये अस्थिर अंजायना आहे. घरी सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथे. थर फाटलेला असतो, गुठळीही असते, पण धमनी पूर्ण बंद झालेली नसते, किंवा बंद होते आणि पुन्हा उघडते. स्नायू मरायला लागला की रक्तात ट्रोपोनिन नावाचं प्रथिन वाढतं आणि त्याला अटॅक म्हणतात. ते वाढलं नाही तर अस्थिर अंजायना. बाहेरून पाहता दोन्ही अगदी सारखे. डॉक्टरलाही तपासणीशिवाय फरक सांगता येत नाही, तेव्हा घरच्यांनी तो करायला जाऊ नये. घरासाठी दोनच प्रकार आहेत: नेहमीच्या चालीतला अंजायना, आणि बाकी सगळं.

दुखणं नेमकं कसं असतं

पुष्कळ रुग्णांना ‘छातीत दुखतंय का’ विचारलं तर ते नाही म्हणतात, आणि खरंच त्यांना दुखत नसतं. छातीवर ओझं ठेवल्यासारखं वाटतं, कुणीतरी आवळतंय असं वाटतं, छाती भरून येते, घशाशी काहीतरी अडकल्यासारखं होतं. म्हणून प्रश्न बदलून विचारा: जड वाटतंय का? दडपल्यासारखं होतंय का? श्वास पुरत नाही का? दाखव म्हटलं की असा माणूस सहसा एका बोटाने जागा दाखवत नाही. छातीच्या मधोमध मूठ आवळून धरतो किंवा पूर्ण तळवा फिरवतो. ही खूण डॉक्टर आवर्जून पाहतात.

‘डावीकडे दुखलं तर हृदय’ हा समज घातक आहे. दुखणं बहुधा छातीच्या हाडामागे, मधोमध असतं. तिथून ते डाव्या हाताच्या आतल्या बाजूने करंगळीपर्यंत, मानेकडे, खालच्या जबड्यात, दातांत, दोन्ही खांद्यांत किंवा पाठीत जातं. फक्त उजव्या हातात किंवा दोन्ही हातांत गेलं तर अटॅकची शक्यता डाव्या हातातल्या दुखण्यापेक्षाही वाढते. काही वेळा छातीत काहीच नसतं, नुसत्या जबड्यात किंवा बेंबीच्या वर, पोटाच्या खळगीत दुखतं.

आता कळीचा मुद्दा. दुखण्याच्या जातीवरून अंजायना आणि अटॅक वेगळे करता येत नाहीत. दोन्हींत तोच स्नायू आणि त्याच नसा असतात, त्यामुळे जडपणा तोच आणि पसरण्याची जागाही तीच. फरक दिसतो तो चार ठिकाणी: कशाने आलं, किती वेळ टिकलं, सोबत काय आहे आणि थांबल्यावर किंवा गोळीने काय झालं.

वेळेचं गणित असं. दोन-चार सेकंदांची चमक बहुधा यातलं काहीच नसते. स्थिर अंजायना साधारण दोन ते पाच मिनिटं टिकतो, क्वचित दहापर्यंत जातो. २० मिनिटांहून जास्त टिकलेलं दुखणं अटॅक किंवा अस्थिर अंजायना धरून चालावं लागतं. पण २० मिनिटांचा हा आकडा वर्गवारीसाठी आहे, वाट पाहण्यासाठी नाही. घड्याळ लावून विसाव्या मिनिटापर्यंत बसून राहणं म्हणजे स्नायू मरायला लागण्याची वाट पाहणं. घरचा आकडा पाच मिनिटांचा.

दुखणं एकसलग असेलच असंही नाही. गुठळी धमनी बंद करते, थोडी विरघळते, पुन्हा बंद करते, आणि दुखणं सकाळपासून येत-जात राहतं. दर वेळी दहा मिनिटं येऊन जातं म्हणून तो अंजायना ठरत नाही. श्रमाशिवाय येत-जात असेल तर ते जास्त धोक्याचं आहे. दुखणं आपोआप गेलं म्हणून निघायचं रद्द करू नका.

सोबतच्या लक्षणांत घामाला मी सर्वांत वर ठेवतो. पंख्याखाली बसलेल्या माणसाचं कपाळ आणि मान अचानक ओली होते, अंग गार लागतं, सदरा पाठीला चिकटतो, चेहरा उतरतो. हा घाम उकाड्याचा नसतो, शरीराने दिलेला इशारा असतो. त्यानंतर मळमळ-उलटी, धाप, छातीत धडधड, भोवळ, आणि ‘काहीतरी फार वाईट होतंय’ अशी रुग्णाला वाटणारी भीती. ही भीती घबराट म्हणून झटकू नका. ज्याला पूर्वी अटॅक येऊन गेला आहे त्याला एक प्रश्न जरूर विचारा: त्या वेळेसारखंच वाटतंय का? ‘हो’ असं उत्तर आलं तर पुढे विचार करत बसायचं कारण नाही.

श्वास घेताना टोचतं, एका बोटाने जागा दाखवता येते, तिथे दाबलं की दुखतं, कूस बदलली की फरक पडतो, अशा दुखण्यात हृदयाची शक्यता कमी असते. कमी असते, शून्य नसते. छाती दाबल्यावर दुखणाऱ्या काही रुग्णांच्या ईसीजीतही अटॅक सापडतो. वय, मधुमेह, तंबाखू, रक्तदाब, कोलेस्टेरॉल अशी कारणं हाताशी असतील तर असं दुखणंही एकदा ईसीजी काढल्याशिवाय सोडू नये.

‘गॅसेस झाले असतील’

रुग्णालयात उशिरा पोहोचण्याचं हे अगदी नेहमीचं कारण. हृदयाच्या खालच्या भागाला रक्त कमी पडलं की पोटाच्या खळगीत जळजळ, मळमळ आणि ढेकर असं सगळं होऊ शकतं, आणि अन्ननलिकेचा त्रास छातीच्या हाडामागेच जाणवतो. जागा एकच असल्याने गोंधळ होणं साहजिक आहे.

इथे दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. अँटासिड घेऊन बरं वाटलं म्हणून हृदय निर्दोष ठरत नाही, कारण अंजायना आपोआपही ओसरतो आणि श्रेय औषधाला मिळतं. उलट जिभेखालच्या नायट्रेटच्या गोळीने बरं वाटलं म्हणून दुखणं हृदयाचंच होतं असंही सिद्ध होत नाही. नायट्रेट अन्ननलिकेचे स्नायूही सैल करतं. गोळीचा परिणाम ही निदानाची चाचणी नाही. तो पुढच्या पाच मिनिटांत काय करायचं हे ठरवण्यापुरता उपयोगी आहे.

एक खूण मात्र सहसा फसवत नाही. ‘ॲसिडिटी’ चालायला लागलं की सुरू होते आणि उभं राहिलं की थांबते, असं कुणी सांगितलं तर ती ॲसिडिटी नाही. पोटाला चढ आणि सपाटी यांतला फरक कळत नाही, हृदयाला कळतो. अशा माणसाला पोटाच्या औषधांवर महिनोन्‌महिने ठेवलेलं दिसतं आणि त्या काळात धमनी अरुंद होत जाते.

ज्यांच्यात छाती दुखतच नाही

मधुमेह बरीच वर्षं असेल तर हृदयाकडून संवेदना नेणाऱ्या नसा निकामी होतात आणि अटॅक वेदनेशिवाय येऊ शकतो. अचानक धाप लागणं, कारण नसताना घाम, एकाएकी गळून जाणं, साखर अचानक हाताबाहेर जाणं, एवढंच दिसतं. पंचाहत्तरीपुढच्या माणसात नुसती भोवळ, पडणं किंवा अचानक आलेला गोंधळलेपणा हेच पहिलं लक्षण असू शकतं.

बायकांतही छातीतलं दडपण हेच सर्वांत नेहमीचं लक्षण आहे, हे आधी स्पष्ट करायला हवं. पण त्यांच्यात धाप, मळमळ, पाठीत किंवा जबड्यात दुखणं, न सोसणारा थकवा ही सोबतची लक्षणं जास्त असतात आणि त्यांचाच पाढा आधी वाचला जातो. छातीतला जडपणा विचारल्याशिवाय बाहेर येत नाही. घरचे त्याला दगदग म्हणतात, कधी डॉक्टरही ताण म्हणून सोडतात. पाळी गेलेल्या, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या बाईला नेहमीचं काम करताना नव्याने धाप लागू लागली, तर तो अंजायनाच असू शकतो, फक्त दुखण्याऐवजी धापेच्या रूपात आलेला.

दुखायला लागल्यावर

असाल तिथे थांबा आणि बसा. उभं राहून गोळी घेऊ नका, नायट्रेटने रक्तदाब उतरतो आणि माणूस कोसळतो. धाप असेल तर पाठीला टेकू देऊन बसवा, सपाट झोपवू नका. घड्याळ पाहा आणि वेळ लिहून ठेवा. रुग्णालयात पहिला प्रश्न ‘किती वाजता सुरू झालं’ हाच असतो आणि पुढची औषधं त्यावर ठरतात.

डॉक्टरांनी दिलेली असेल तर जिभेखाली एक गोळी ठेवा किंवा एक फवारा मारा. ग्लिसरिल ट्रायनायट्रेटचं प्रमाण एका वेळी ०.३ ते ०.६ मिलिग्रॅम, फवाऱ्यात ०.४. सॉर्बिट्रेट म्हणून परिचित असलेली आयसोसॉर्बाइड डायनायट्रेटची गोळी ५ मिलिग्रॅमची. गोळी गिळू नका. गिळल्यावर बराचसा भाग यकृतातच संपतो आणि परिणाम उशिरा व कमी होतो. डोकं ठणकेल, चेहरा लाल होईल, ते अपेक्षित आहे.

पाच मिनिटांनी दुखणं तसंच असेल किंवा वाढलं असेल तर रुग्णवाहिका बोलवा. पूर्वी ‘पाच-पाच मिनिटांनी तीन गोळ्या, मग फोन’ असं सांगितलं जायचं. त्यात पंधरा मिनिटं वाया जातात. आता पहिल्या गोळीनंतरच फोन करायचा. मदत येईपर्यंत रक्तदाब ठीक असेल तर पाच मिनिटांच्या अंतराने आणखी दोन घेता येतात, एकूण तीन. चक्कर येत असेल किंवा वरचा रक्तदाब ९० च्या खाली असेल तर पुढची देऊ नका. लिंगाच्या ताठरतेसाठी घ्यायच्या गोळ्यांपैकी सिल्डेनाफिल घेऊन २४ तास किंवा टाडालाफिल घेऊन ४८ तास झाले नसतील तर नायट्रेट अजिबात नको, रक्तदाब जीवघेणा उतरू शकतो. पुरुष हे संकोचाने सांगत नाहीत, म्हणून थेट विचारावं लागतं.

ॲस्पिरिन: ३०० मिलिग्रॅम, चावून. ७५ च्या गोळ्या असतील तर चार. चावल्याने ते लवकर रक्तात उतरतं. पोटात न विरघळणाऱ्या वेष्टनाची गोळी असेल तर चावणं आणखी गरजेचं, नाहीतर परिणामाला तास लागतात. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल, कुठून रक्तस्राव होत असेल, किंवा दुखणं एका क्षणात कमाल तीव्रतेने, काहीतरी फाटल्यासारखं सुरू होऊन पाठीकडे गेलं असेल तर ते देऊ नका. हे शेवटचं वर्णन महाधमनीचं अस्तर फाटल्याचं असू शकतं. दोन हातांतल्या रक्तदाबात मोठा फरक हीही त्याची खूण. तिथे रक्त पातळ करणारी औषधं जिवावर बेततात. रक्त पातळ करणारं दुसरं औषध चालू असेल तर फोनवर तसं सांगा आणि विचारून द्या.

रुग्णाने गाडी चालवायची नाही, जिना उतरायचा नाही. खुर्चीत बसवून उतरवा. अटॅकच्या पहिल्या तासात हृदयाची लय बिघडून माणूस अचानक कोसळण्याचा धोका सर्वाधिक असतो, आणि शॉक देण्याचं यंत्र सुसज्ज रुग्णवाहिकेत असतं, तुमच्या गाडीत नसतं. माणूस कोसळला, हाक मारून प्रतिसाद नाही, श्वास नाही किंवा आचके दिल्यासारखा श्वास आहे, तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबत राहा, मदत येईपर्यंत. ‘जोरजोरात खोकलं की अटॅक थांबतो’ हा फिरणारा निरोप खोटा आहे. खोकल्याने गुठळी हलत नाही आणि फोन करायचा वेळ जातो.

ईसीजी आणि ट्रोपोनिन

रुग्णालयात पोहोचल्यापासून १० मिनिटांत ईसीजी निघाला पाहिजे. त्यात एसटी भाग (आलेखातला एरवी सपाट असणारा तुकडा) दोन शेजारच्या लीडमध्ये, म्हणजे हृदयाकडे वेगवेगळ्या कोनांतून पाहणाऱ्या नोंदींमध्ये, वर उचललेला दिसला, म्हणजे बहुतेक लीडमध्ये १ मिलिमीटर किंवा जास्त, छातीवरच्या व्ही२-व्ही३ या लीडमध्ये वय-लिंगानुसार दीड ते अडीच, तर धमनी पूर्ण बंद आहे असं धरून ती लगेच उघडायची तयारी होते. अँजिओप्लास्टीची (बारीक नळी घालून धमनी फुग्याने उघडण्याची) सोय तिथेच असेल तर ९० मिनिटांत धमनी उघडण्याचं लक्ष्य असतं. सोय असलेल्या ठिकाणी नेऊन १२० मिनिटांत ते होणार नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात. ते पहिल्या १२ तासांत देता येतं, जितकं लवकर तितकं बरं. एसटी उचललेला नसलेल्या अटॅकमध्ये मात्र हे इंजेक्शन देत नाहीत, तिथे फायदा नाही आणि रक्तस्रावाचा धोका आहे.

पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून घरी परतणं ही नेहमीची चूक. अटॅकच्या रुग्णातही पहिला ईसीजी नॉर्मल असू शकतो. गुठळी अर्धवट असते, किंवा बंद धमनी हृदयाच्या मागच्या बाजूची असते आणि नेहमीच्या १२ लीडना ती नीट दिसत नाही. तिच्यासाठी पाठीवर व्ही७ ते व्ही९ लीड लावावे लागतात. दुखणं चालू असेल तर दर १५ ते ३० मिनिटांनी ईसीजी पुन्हा काढायला हवा. अंजायनाच्या रुग्णाचा दुखत नसतानाचा ईसीजी तर बऱ्याचदा स्वच्छच असतो.

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. पेशी मेल्या की ते रक्तात उतरतं, पण लगेच नाही. जुन्या पद्धतीच्या चाचणीत दिसायला तीन ते सहा तास लागतात. दुखणं सुरू झाल्यावर तासाभरात केलेली चाचणी निगेटिव्ह आली तर त्याचा अर्थ काहीच नाही. म्हणून ती दोनदा करतात, जुन्या पद्धतीत साधारण सहा तासांनी आणि अतिसंवेदनशील चाचणीत एक ते तीन तासांनी. दोन आकड्यांतला चढ-उतार पाहायचा असतो. मूत्रपिंड निकामी असलेल्या माणसात ट्रोपोनिन कायमच थोडं वाढलेलं असतं, पण स्थिर असतं. अटॅकमध्ये ते चढतं, साधारण २४ तासांत टोक गाठतं आणि आठवडा ते दोन आठवडे वाढलेलं राहतं. फुप्फुसात गेलेली गुठळी किंवा हृदयाच्या स्नायूची सूज यांतही ते वाढतं, म्हणून नुसत्या आकड्यावर निदान होत नाही.

दुखणं होतं, पण दोन्ही ट्रोपोनिन नॉर्मल आले, तर अटॅक नाही. अस्थिर अंजायना अजूनही असू शकतो, आणि तो घरी पाठवण्याचा आजार नाही.

एक वेगळा प्रकार पहाटेचा. धमनीला अचानक आकडी येते, म्हणजे ती आवळली जाते, बसल्याजागी किंवा झोपेत, बहुधा मध्यरात्र ते सकाळच्या दरम्यान. त्या वेळी ईसीजी अटॅकसारखा दिसतो आणि नायट्रेटने पूर्ववत होतो. तंबाखू हे त्याचं मोठं कारण. दिवसा हाच माणूस आरामात चालतो, म्हणून त्याच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. त्याचं निदान डॉक्टरांनी करायचं असतं. घरी मात्र विश्रांतीत आलेलं दुखणं म्हणून तोच पाच मिनिटांचा नियम लावायचा.

चाल बदलतेय का, यावर लक्ष

अटॅकच्या आधी काही दिवस किंवा आठवडे अनेकांचा अंजायना बदलतो. हा बदल पकडला तर अटॅक टळू शकतो, म्हणून माझ्या मते अंजायनाच्या रुग्णाच्या घरात सर्वांत जास्त लक्ष इथे हवं. कधी आलं, काय करत असताना, किती मिनिटं, किती गोळ्या, एवढी एक ओळ लिहून ठेवली तरी पुरे. दोन मजले चढून येणारं दुखणं एका मजल्यावर यायला लागलं, आठवड्यातून एकदाचं रोजचं झालं, एका गोळीने जाणाऱ्याला दोन लागू लागल्या, किंवा पूर्वी न येणारा घाम आता येतो, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहायची नाही. गेल्या दोन महिन्यांत नव्याने सुरू झालेला आणि थोड्या चालण्यानेही येणारा अंजायनाही यातच मोडतो. विश्रांतीत किंवा झोपेतून उठवणारं दुखणं आलं तर थेट रुग्णालय. बदलाचं कारण दर वेळी गुठळीच असेल असं नाही. रक्त कमी होणं, ताप, थायरॉइड वाढणं, नाडी अनियमित वेगाने धावणं, बीटा ब्लॉकर (नाडी मंद करणारं औषध) अचानक बंद करणं यानेही अंजायना बळावतो. ते शोधणं डॉक्टरांचं काम.

गोळ्यांचंही पाहा. ग्लिसरिल ट्रायनायट्रेटच्या गोळ्या उष्णता, उजेड आणि हवेने निकामी होतात. त्या मूळ काचेच्या बाटलीत, घट्ट झाकणात ठेवायच्या, खिशातल्या प्लॅस्टिकच्या डबीत नाही. बाटली उघडल्यावर आठ आठवड्यांनी नवी घ्यायची. मेलेल्या गोळीने दुखणं गेलं नाही तर अटॅक समजून धावपळ होते, ती परवडली. पण गोळी जुनी असेल म्हणून उपयोग झाला नसेल असा विचार करून दुसरी शोधत बसणं परवडत नाही. फवारा जास्त टिकतो, त्याच्यावरची मुदत पाहून ठेवा.

शेवटचं, सहज करता येण्यासारखं: दुखत नसतानाचा एक ईसीजी, चालू औषधांची नावं आणि ॲलर्जी यांचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. ईसीजीतला एखादा बदल आजचा आहे की पाच वर्षांपूर्वीचा, हे तुलनेला जुना कागद असल्यावरच पटकन कळतं, आणि मध्यरात्री आलेल्या रुग्णाच्या बाबतीत त्यावरून धमनी लगेच उघडायची की नाही हे ठरतं.